ट्रक चालू होतो, हे महत्त्वाचं

२ फेब्रुवारी, सोमवार

ट्रकची वार्षिक देखभाल पूर्ण. सगळं स्वतः, नेहमीप्रमाणे. ऑइल बदललं, दोन्ही फिल्टर बदलले, बेल्ट ताणला. डिझेलच्या टाकीचं झाकण घासूनपुसून उजेडात धरलं तर मधोमध एक बारीक भोक. सुई जाईल एवढं. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लगेच वर्कशॉपमध्ये नेलं, वेल्डिंगचा एक टाका मारला, घासून गुळगुळीत केलं, खाली नवं जाड रबर बसवलं. आता टाकी हवाबंद. कंपनीत मोठमोठ्या पदव्यांची माणसं बसतात आणि झाकणाला भोक ठेवून मोकळी होतात. मी ग्रिल आणि खिडक्या बनवणारा माणूस. वेल्डिंग, वायरिंग, इंजिन, सगळं पुस्तकं वाचून आणि उघडून बघून शिकलो. माझ्या नजरेतून भोक सुटत नाही.

मुलीला नोकरी लागली. दुसऱ्या शहरात, औषधांच्या लॅबमध्ये. एकवीस तारखेला तिचं सामान हलवायचं. जेवताना जाहीर केलं की सामान माझ्याच ट्रकमधून जाईल, मीच चालवीन आणि ती केबिनमध्ये माझ्या शेजारी बसेल. पाच तासांचा रस्ता आहे. घरात एकत्र असून आम्ही पाच मिनिटं सलग बोललेलो नाही, पण ते मी बोललो नाही. मुलगी म्हणाली, चालेल बाबा. ही म्हणाली, बघू.

'बघू' या शब्दाचा हिला फार आधार वाटतो.

४ फेब्रुवारी, बुधवार

ग्रिल पोचवायला निघालो. सेल्फ मारला, ट्रक पहिल्या झटक्यात चालू. वीसेक मिनिटं छान गेला. मग भर चौकात दोन-तीन आचके दिले आणि बंद. मागच्यांनी हॉर्न वाजवले. मी शांतपणे खाली उतरलो आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सुरुवातीपासून सुरुवात केली, म्हणजे डिझेल मोजलं. मोजायची सळई मी स्वतः खुणा करून बनवली आहे. झाकण उघडताच टाकीने मोठा सुस्कारा सोडला. टाकीची तब्येत ठणठणीत आहे. डिझेल भरपूर. झाकण लावलं, सेल्फ मारला, ट्रक चालू!

म्हणजे बिघाड नाही. लहर होती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लहर पुन्हा आली. दोनदा. दोन्ही वेळा डिझेल मोजलं, दोन्ही वेळा सुस्कारा, दोन्ही वेळा लगेच चालू. ट्रक चालू होतो, हे महत्त्वाचं. बंद तर कुठलीही गाडी कधीतरी करावीच लागते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री न बोलावता आला. बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून उभा राहिला. देवळात आल्यासारखा. मग म्हणाला, मालक, एअर पकडतोय. पंप खोलावा लागेल. आठ दिवस माझ्याकडे सोडा. मी विचारलं, पंपाचा काय संबंध? तो म्हणाला, खोलल्याशिवाय कसं सांगणार?

असल्या माणसाच्या हाती ट्रक देणार नाही. पण त्याच्या तोंडून 'एअर' हा एक शब्द खरा निघाला, हे कबूल केलं पाहिजे. पुस्तकातही तेच आहे. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली की इंजिन बंद पडतं. हवा हा डिझेल इंजिनाचा शत्रू आहे. संकल्प: या ट्रकच्या डिझेलमध्ये हवेचा कणही शिरू देणार नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर ट्रकखाली. लाइनचा प्रत्येक जोड सोडवून नवे तांब्याचे वॉशर टाकले, नव्या क्लिपा लावल्या. टाकीच्या झाकणावर रबराची आणखी एक चकती चढवली. आता हवा आत शिरेल तर माझं नाव बदला.

दुपारी हिचा भाऊ आला. बँकेत बसतो, स्कूटर चालवतो, मतं मात्र ट्रकवर. माझे फक्त पाय दिसत होते, त्या पायांना उद्देशून म्हणाला, भाऊजी, चाकं काढून टाका, वर गादी घाला, पाहुण्यांची सोय होईल. ही हसली. स्वतःच्या भावाच्या विनोदांना हिला हसू लगेच येतं.

संध्याकाळी चाचणी. आधी वीस मिनिटांनी बंद पडत होता, आता पंधरा मिनिटांतच. म्हणजे दुरुस्तीचा परिणाम होतोय. दिशा बरोबर आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नवा सिद्धांत. ट्रकला विश्रांती लागते.

बंद पडल्यावर मी उतरतो, सळई काढतो, झाकण उघडतो, डिझेल मोजतो, सळई पुसतो, आकडा लिहितो. एवढ्या वेळात इंजिन दम खातं आणि चालू होतं. वय झालेल्या यंत्राचं हे असंच असतं. तेव्हा उपाय सोपा आहे. पंधरा मिनिटं चालवायचं, दहा मिनिटं थांबायचं, डिझेल मोजायचं, निघायचं.

हिला समजावून सांगितलं. हिने भाजी निवडता निवडता हिशेब केला आणि म्हणाली, मग आपण तिला आत्ताच निघायला सांगू या. एकवीसला पोचेल.

मुलीने विचारलं, बाबा, टाकीत हवा जायला वाट आहे का? मी म्हटलं, अजिबात नाही, काळजी करू नकोस. ती म्हणाली, नाही, मी काळजी म्हणून नाही विचारलं. मग मी तिला हवा आणि डिझेल यांचं वैर पहिल्यापासून समजावून सांगितलं. तासभर ऐकत होती. लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला असला पाया पक्का हवा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज मुलगी स्वतःहून म्हणाली, चला, मी पण येते चाचणीला. बरं वाटलं. केबिनमध्ये खिडकीत कोपर ठेवून बसली. लहानपणीही अशीच बसायची, तेव्हा कोपर पोचायचं नाही.

ठरल्याप्रमाणे बंद पडला. मी सळई शोधेपर्यंत तिने खाली उडी मारली आणि सरळ झाकण उघडलं. मी ओरडलो, अगं धूळ जाईल! सुस्कारा आला. ती म्हणाली, बाबा, आता मोजू नका, विश्रांतीही देऊ नका, नुसता सेल्फ मारा. मारला. ट्रक चालू.

हा योगायोग झाला.

परत येताना तिने पाण्याची प्लास्टिकची बाटली तोंडाला लावून आतली हवा ओढून घेतली. बाटली कडकड करत आत चेपली. म्हणाली, बघा. पंप टाकीतून डिझेल ओढतो, त्या जागी हवा आली नाही तर आतून असा ताण येतो, मग डिझेल पुढे येतच नाही. झाकणाचं भोक त्यासाठीच होतं. मी तिला शांतपणे सांगितलं की बाटली प्लास्टिकची आहे आणि ट्रकची टाकी जाड पत्र्याची. ती चेपत नाही. हवं तर लाथ मारून बघ.

तिने माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. पटलं असावं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

टाकीचं झाकण चोरीला गेलं!

सकाळी बघतो तर नुसतं तोंड उघडं. तात्पुरतं फडकं बांधलं आणि तातडीची ऑर्डर असल्याने तसाच निघालो. गावाबाहेरच्या साइटवर गेलो, ग्रिल उतरवलं, परत आलो. येता-जाता तास झाला. एकदाही बंद पडला नाही.

तांब्याचे वॉशर! जोडात बसायला त्यांना आठवडा लागतो, हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. मी शोधलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा दोघी मायलेकी फारच खूश झाल्या. हिने तर स्वतःहून चहा केला. मी म्हटलं, पण झाकण कोणी नेलं ते शोधलं पाहिजे. ही म्हणाली, अहो, जाऊ द्या ना झाकण. वॉशर आहेत ना? आयुष्यात पहिल्यांदा हिने वॉशरची बाजू घेतली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ट्रक घोड्यासारखा पळतोय. फडकं मात्र शोभत नाही. चोर कोण हे मला ठाऊक आहे. गॅरेजवर गेलो आणि मिस्त्रीला चारचौघांत विचारलं. तो म्हणाला, मालक, तुमच्या झाकणाचं मी काय करू, चहा पिऊ त्यातून? चारचौघं हसली. खरा चोर असाच बोलतो.

हेवा. दुसरं काय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ऐतिहासिक दिवस. नवं झाकण तयार.

जाड पत्रा, आत दोन रबरं, वर स्वतः बनवलेली कडी, कडीला कुलूप. आता चोर काय, पाण्याचा थेंब आत जाणार नाही. चावी वेगळी. तिला पट्टी बांधली, पट्टीवर 'डिझेल टाकी' असं लिहिलं आणि वर्कशॉपच्या दाराआड तिच्यासाठी वेगळा खिळा ठोकून लावली. जागच्या जागी वस्तू असली की माणूस ऐनवेळी धावाधाव करत नाही.

चाचणी घेतली नाही. ट्रक सिद्ध झालेला आहे. सिद्ध झालेल्या गोष्टीची पुन्हा चाचणी घेणं म्हणजे स्वतःवर अविश्वास. फडकं वरून तसंच बांधून ठेवलं. दोघींना उद्या पोचल्यावर दाखवीन. खूश होतील.

संध्याकाळी सामान चढवलं. कपाट, पलंग, शेगडी, पुस्तकांची खोकी. सर्वांत शेवटी मी मुलीसाठी बनवलेलं टेबल. चौकोनी पाइप, पाय वेल्ड केलेले, एका जन्मात डुगडुगणार नाही. खोलीतल्या भिंतीचं माप तिच्याकडून तीनदा मागवून घेतलं होतं, त्यामुळे भिंतीला दोन्हीकडे बोटभर जागा सोडून बसेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार. दुपार. रस्त्याच्या कडेला.

लिहायला वेळ आहे.

सकाळी सातला निघालो. केबिनमध्ये मी, मधे मुलगी, खिडकीशी ही. कोपऱ्यावरून एक रिकामा टेम्पो मागे लागला. आम्ही वळलो की तो वळे. आम्ही हळू झालो की तोही हळू. मी म्हटलं, नवशिका असावा, माझं बघून चालवतोय. ही म्हणाली, असेल. आरशात मला दिसलं की टेम्पोवाल्याने हात केला. हिनेही खिडकीतून केला. हिला कोणालाही हात करायची सवय आहे.

मुलीशी बोलायचं होतं ते मी मनात नीट लावून घेतलं होतं. पण चढावर गिअर बदलताना असलं बोलणं होत नाही. चढ संपला की सपाट रस्ता लागतो, दोन्ही बाजूंना झाडं आहेत. तिथे सुरुवात करायची ठरवली. तोपर्यंत तिला टायरमधल्या हवेबद्दल सांगितलं.

चढ अर्धा झाला आणि आचके सुरू झाले.

ट्रक बंद पडताच मुलगी उडी मारून टाकीपाशी गेली. तिने फडकं सोडलं आणि तशीच उभी राहिली. मी केबिनमधून विचारलं, कसं झालंय? ती म्हणाली, बाबा, याला कुलूप आहे. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, चावी? मी म्हटलं, घरी. खिळ्यावर.

ती कठड्यावर बसली आणि हसायला लागली. बराच वेळ हसत होती. मधेच डोळे पुसले. मग पुन्हा हसली, पण आवाज तितका नव्हता.

मी सांगितलं की दहा मिनिटं विश्रांती देऊ. वीस दिली. सेल्फ खूप मारला. तो फक्त कण्हला. हातोडी आणि पाना घेऊन कडीवर बसलो. ती कडी मी बनवलेली. तुटली नाही. या अडचणीतही मला त्याचं थोडं समाधान वाटलं, हे इथे प्रामाणिकपणे लिहितो.

तिकडचा घरमालक दोन वाजेपर्यंतच थांबणार होता, नंतर तो खोलीची चावी घेऊन गावाला जाणार. हिने घड्याळ बघितलं, रस्त्याकडे वळून हात वर केला. टेम्पो बरोबर आमच्या मागे येऊन लागला. टेम्पोवाला उतरून म्हणाला, ताई, काढायला घेऊ का सामान? मी विचारलं, तुम्ही हिला ओळखता? तो म्हणाला, आठ दिवसांपूर्वीच सांगून ठेवलंय त्यांनी.

सामान सगळं गेलं. टेम्पो लहान, त्यामुळे टेबल मावलं नाही. मुलीची बॅग चढवताना चेन उघडी राहिली आणि कपड्यांतून माझं जुनं झाकण रस्त्यावर पडलं. खणखणत गटारापर्यंत गेलं. मुलीने उचलून आणलं, माझ्या हातात दिलं. म्हणाली, सॉरी बाबा, तुम्हाला दुसऱ्या कोणत्या पद्धतीने सांगावं ते मला कळेना. मी मिस्त्रीला चोर ठरवून बसलो होतो; आता त्याच्याकडे जावं लागेल की काय, याचा विचार मी नंतर करीन.

टेम्पोत चालकाशेजारी दोघींपुरतीच जागा. ट्रक सोडून मलाही जाता येत नव्हतं. मुलगी चढली, परत उतरली. म्हणाली, मामा बँकेतून सुटला की चावी घेऊन येतोय. झाकण उघडा आणि उघडंच ठेवा. ऐकाल ना? मी म्हटलं, पोचल्यावर कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, ओल धरतं.

हे मी सपाट रस्त्यावर सांगणार होतो ते नव्हे.

संध्याकाळ, घरी

मेहुणा तीनला आला. चावी शोधायला त्याला काही वेळ लागला नाही, पट्टी वाचून सापडली म्हणाला. कुलूप काढून झाकण फिरवलं तर असा सुस्कारा आला की मेहुणा मागे सरकला. म्हणाला, भाऊजी, हा बिचारा नाक दाबलेल्या माणसासारखा बसला होता की हो. मी म्हटलं, त्याला सात तास विश्रांती मिळाली आहे. चालू होणारच होता.

केवळ मेहुण्याचं समाधान म्हणून झाकण सीटखाली ठेवून आलो. वाटेत बंद पडला नाही. उतार होता.

२२ फेब्रुवारी, रविवार

घरात आवाज नाही. ही आठवडाभर तिकडेच राहणार. खोली लावून देते आहे.

पूर्ण विचारांती झाकणाच्या रचनेत सुधारणा करायचं ठरवलं. झाकणाला मधोमध एक बारीक भोक पाडायचं. कल्पना माझीच, कंपनीनेही कधीकाळी असाच विचार केला असावा. झाकण हातात धरून भोक पाडलं तर तिरकं जातं. म्हणून टाकीवर घट्ट बसवून, कुलूप लावून, वरून हातड्रिल चालवलं. अगदी सरळ गेलं. असं भोक कारखान्यातही पडत नाही.

पत्र्याचा चुरा कुठे गेला ते उशिरा लक्षात आलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

टाकी उतरवली. डिझेल डब्यांत काढलं. चुरा सापडला, बराचसा. टाकी धुऊन उन्हात ठेवली आहे. पंपात गेला असेल तर पंप खोलावा लागेल.

मिस्त्री रस्त्यावरून जाताना थांबला. टाकीकडे, डब्यांकडे बघितलं. मी त्याला बोलावून सांगितलं की झाकण सापडलं आहे, घरातच होतं. तो म्हणाला, बरं झालं मालक, मला चहा पिता येईना. मीही हसलो. एवढं पुरे झालं असावं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हिचा फोन. खोली लागली, एवढं टेबलच नाही. पोरगी ट्रंकेवर वही ठेवून लिहिते, मान अवघडते. मी सांगितलं, ट्रक होताच घेऊन निघतो. ही म्हणाली, तुमचा ट्रक होईल तेव्हा तिला पेन्शन लागलेली असेल. बस आहे. सकाळी सातची.

मी ट्रकमालक आहे. टेबल घेऊन बसने जाणं शोभत नाही. तसं स्पष्ट सांगितलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सातची बस.

टेबल टपावर चढवलं, चार गाठी मारल्या. कंडक्टर म्हणाला, काका, टेम्पो का नाही केला? मी म्हटलं, माझा स्वतःचा ट्रक आहे. त्याने तिकीट फाडून हातात दिलं आणि पुढच्या सीटकडे वळला.

चढ आला, गेला. सपाट रस्ता आला. शेजारी एक गृहस्थ झोपलेले. बोलायचं सगळं मी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. छान जमलं.

मुलगी स्टँडवर आली होती. लॅबमधून तशीच, पांढऱ्या कोटात. टेबल उलटं करून दोघांनी दोन टोकांना धरलं, ती पुढे, मी मागे. भर रस्त्यातून, वाहनांतून. ती ओरडून सांगे, बाबा, डावीकडे. मी ओरडून सांगे, खाली बघ. दोन जिने असेच चढलो. एवढंच बोलणं झालं.

टेबल दारातून आत जात नाही.

सरळ, आडवं, तिरकं, पाय आधी, सगळं करून झालं. दोन बोटांसाठी अडतं. पाय वेल्ड केलेले, सुटणार नाहीत; तेच तर त्याचं वैशिष्ट्य. भिंतीचं माप मी तीनदा घेतलं होतं. दाराचं मला कोणी दिलं नाही. ही दारात उभी राहून म्हणाली, दार विचारलंत का तुम्ही?

टेबल बाहेर पॅसेजमध्येच आहे. तिथेच तिघांनी चहा घेतला. शेजारचे लोक पोट आत घेऊन जात होते आणि दर वेळी मुलगी त्यांना सांगत होती, माझ्या बाबांनी बनवलंय. टेबल डुगडुगत नाही, हे प्रत्येकाने हात लावून पाहिलं.

मी म्हटलं, संध्याकाळच्या बसने निघतो, ट्रकचं काम पडलंय. मुलगी कप धुता धुता म्हणाली, उद्या मला सुट्टी आहे. राहा ना.

दाराची चौकट मुळातच चुकीची बसवली आहे. नीट मापं घ्यायला एक दिवस लागेलच. राहतो म्हटलं.